वासूअण्णांचे शिंपले आणि माझी चिंच

मला मदत केली ती वासूअण्णांनी. काय झालं, कसं झालं ते पुढं येईलच, पण नाव आधी लिहून ठेवते. माझी शाळा सहावीत सुटली. लिहायला बसले की बारीकसारीक गोष्टींत पाय अडकतो आणि मुख्य माणूस मागं राहतं. ह्या माणसाच्या बाबतीत तसं एकदा माझ्या हातून झालेलं आहे. दुसऱ्यांदा नको.

तर वासूअण्णा रोज सकाळी रत्नागिरीच्या मासळीबाजारात जायचे. टोपलीतला सगळ्यात ताजा बांगडा शेपटीला धरून उचलायचे, उन्हात धरायचे, डावीकडं कलवायचे, उजवीकडं कलवायचे, आणि खूश होऊन पुन्हा टोपलीत ठेवायचे. मग पुढची टोपली. विकत काही घ्यायचे नाहीत.

"अण्णा, घेणार हायस काय?" टोपलीवाली मावशी विचारायची.

"मावशे, ही पाठीवरची निळी झाक बघितलीस? हिच्यात निळा रंग नाय. टिपूसभर नाय."

"नाय तर नाय! मी काय नीळ घालून आणलाय म्हणाले तुला? ठेव खाली मेल्या, गिऱ्हाईक बघतंय."

अण्णा माशाला अगदी हळू खाली ठेवायचे, झोपलेलं पोर ठेवावं तसं, आणि म्हणायचे, "कोन बदल मावशे, कोन बदल. म्हणजे दिसेल."

"कोन बदला" हा त्यांचा मंत्रच होता. कुठलीही वस्तू ते सरळ बघत नसत. पत्रिका आली, कलवून बघ. एसटीचं तिकीट, कलवून बघ. कुणी लुगडं दाखवलं तर काठ कलवून बघ. ह्या सवयीनं त्यांची मानच डाव्या खांद्याकडं कललेली राहिली होती. नवा माणूस समजायचा, मान आखडलीय. एका वैद्यबुवांनी कळवळून घरचं तेल करून आणून दिलं. अण्णांनी बाटली उजेडात धरली, फिरवली, वैद्यबुवांना हाताला धरून अंगणात नेलं आणि चार थेंब डबक्यात टाकले. पाण्यावर तवंग पसरला, त्यात जांभळं, हिरवं, पिवळं फिरायला लागलं. "वा! काय झकास औषध हाय!" अण्णा म्हणाले. वैद्यबुवा पुन्हा त्या वाटेनं आले नाहीत.

किनाऱ्याच्या बाजूला एका व्यापारी घराण्यानं शंखशिंपल्यांचं प्रदर्शन थाटलेलं होतं. दोन खोल्या, काचेची कपाटं, बाहेर एक बाकडं. अण्णा तिथले राखणदार, तिथले माहीतगार, तिकीट फाडणारेही तेच, आणि मागच्या खोपटात राहणारेही तेच.

मी मंगळवेढ्याकडची. ज्वारीचा मुलूख. नवरा रत्नागिरीजवळ चिरेखाणीवर जांभा तोडायला होता, म्हणून मी इकडं आले. दुसऱ्याच वर्षी चिरा त्यांच्या पायावर आला. सासूबाई येऊन त्यांना गावी घेऊन गेल्या. मी इथंच राहिले, कारण गावाकडं त्या साली हाताला कामच नव्हतं. त्यांचं औषधपाणी आणि सासरची चूल, दोन्ही माझ्यावर, आणि इथं मी कोण? माझं बोलणं ऐकून बायका हसायच्या. माशाचा वास मला सोसायचा नाही. समुद्र दिवसभर बोलायचा, पण माझ्याशी नव्हे. कित्येक दिवस असे गेले की माझं नाव घेऊन कुणी हाक मारली नाही.

नवऱ्याला एसटीत बसवून दिलं त्या दिवशी मी वाट फुटेल तशी चालत गेले आणि त्या प्रदर्शनाच्या पायरीवर टेकले. आतून आवाज आला, "आत ये गो. तिकीट नको. बघ जरा."

मी आत गेले. बघण्यासारखं मन नव्हतं. समोर काच होती, काचेवर बोटांचे ठसे होते, मी सवयीनं पदरानं पुसायला लागले. एक पुसली, दुसरी पुसली. अण्णा मान कलवून माझ्याकडं बघत होते.

"कुठली गो तू?"

"सोलापूरकडची."

"काच बरी पुसतेस. इथं झाडायला-पुसायला माणूस हवंय. उद्यापासून ये. सेक्रेटरींना मी सांगतो."

असं माझं काम लागलं. त्या दिवसापासून माझं नाव "सोलापुरे" पडलं. शेवंता हे नाव अण्णांनी वर्षभरात एकदाही घेतलं नाही, पण हाक दिवसातून पन्नासदा यायची. ती हाक ऐकली की मला जेवल्यासारखं वाटायचं.

शाळेच्या सहली यायच्या. पोरं मोत्याच्या शिंपल्याभोवती गोळा व्हायची. आतली बाजू गुलाबी, हिरवी, रुपेरी, सगळं एकदम. अण्णा विचारायचे, "हा रंग कुठाय सांगा." पोरं म्हणायची, शिंपल्यावर. मग अण्णा फुटक्या शिंपल्याचा एक तुकडा खलबत्त्यात घालायचे आणि घामाघूम होईपर्यंत कुटायचे. पांढरीफेक पूड. रांगोळीच जशी. ती तळहातावर घेऊन एकेका पोराच्या नाकासमोर न्यायचे. "शोधा! गुलाबी कुठं गेला? हिरवा कुणी चोरला?" एकदा एक चिमुरडी रडायलाच लागली. तिला वाटलं, आपल्यावर आळ येतोय.

मी विचारलं, "अण्णा, खरंच कुठं गेला ओ?"

त्यांना तेच हवं होतं. बाकड्यावर बसवून त्यांनी मला सांगितलं. पानाला चुना लावतात ना, तो इकडं शिंपले भाजूनच करतात. म्हणजे शिंपला हा एका परीनं चुन्याचाच भाऊबंद. चुन्याला कुठला आलाय रंग? पण शिंपल्यातला तो बिनहाडाचा, लिबलिबीत जीव काय करतो, समुद्राच्या पाण्यातून तो जिन्नस उचलतो आणि त्याच्या बारीक बारीक चपट्या लाद्या पिकवतो.

"लाद्या पिकवतो?"

"खडीसाखर दोऱ्यावर धरते बघितलीस? खडा आपला आपण वाढतो. तसेच हे खडे. फरक एवढाच, साखर वाट्टेल तशी वाढते. हा जीव सांगतो, एवढंच जाड, पुढं नाय. मग मधे चिकट पापुद्रा, त्याच्यावर पुन्हा लाद्यांचा थर. केसाहून पातळ. असे थरावर थर, जन्मभर."

"आणि रंग?"

"उजेड येतो. थोडा वरच्या थरावरनं परत जातो, थोडा खालच्या थरावरनं. दोघं वाटेत भेटतात. काही रंगांचं जमतं, ते दिसतात. काहींचं भांडण होतं, ते मिटून जातात. थर थोडा पातळ पडला तर निळसर, जाड पडला तर लालसर. आणि तू मान कलवलीस की त्यांची वाट बदलते, म्हणून रंग बदलतो. काय समजलीस? माशाचंही तसंच. जिन्नस निराळा, पण खडेच. कातडीत आरसे पिकवतो लेकाचा."

मला सगळं समजलं असं नाही. पण मी शेतकऱ्याची लेक. पिकवणं म्हणजे काय ते मला ठाऊक. ना डोळे धड, ना हात, आणि चिखलात बसून हा जीव कुणाच्या नजरेला न पडणारं पीक काढतोय, ह्याचं मला फार वाटलं.

अण्णांचं लग्न झालेलं नव्हतं. त्याची गोष्ट ते स्वतःच हसत सांगायचे. तरुणपणी देवरूखकडं मुलगी बघायला गेले. मुलगी पोहे घेऊन आली. अण्णांची नजर तिच्या नथीवर. मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मुलीला वाटलं, स्थळ भारीच चोखंदळ आहे. पोहे संपल्यावर मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय, पसंत?" अण्णा म्हणाले, "फार सुंदर! मोती खोटे हायत. काचेवर माशाच्या खवल्याची चांदी चढवलीय." बैठक गार पडली. अण्णांना कुणाचा अपमान करायचा नव्हता. माशाची चांदी त्यांना मोत्याहून तसूभर कमी वाटत नव्हती, उलट ते कौतुकच करत होते. पण ते कौतुक ऐकायला कुणी थांबलं नाही. "चहासुद्धा राहिला," एवढीच खंत ते सांगायचे.

आता माझी गोष्ट.

एकदा विश्वस्त मंडळी प्रदर्शन बघायला येणार, असं सेक्रेटरींनी कळवलं. हे सेक्रेटरी त्या घराण्याच्या ट्रस्टचा कारभार बघायचे, आणि कडक. माझ्यादेखत अण्णांना म्हणाले होते, "ही बाई बिनओळखीची, तुमच्या शब्दावर ठेवलीय. काही फुटलं-तुटलं तर त्याच दिवशी घरी." ते वाक्य माझ्या उशाशी झोपायचं. काम गेलं तर नवऱ्याचं औषध बंद, आणि त्यांचा पाय तेव्हा कुठं जमिनीला लागायला लागला होता.

अण्णा दोन दिवसांसाठी बुरोंडीला बहिणीच्या घरी कार्याला गेले, जाताना मधल्या कपाटाची किल्ली माझ्याकडं ठेवून. मला वाटलं, एवढे उपकार त्यांनी केले, आपण काहीतरी करून ठेवावं. आले की थक्क झाले पाहिजेत. आमच्याकडं पितळ घासतात चिंचेनं. दिवाळीला आई समया चिंचेत भिजवायची, सोन्यासारख्या निघायच्या. मी मधल्या कपाटातले सात मोठे मोत्याचे शिंपले काढले, घमेल्यात चिंच कोळली आणि ते बुडवून ठेवले. बारीक बारीक बुडबुडे वर यायला लागले. मी म्हटलं, बघा, किती वर्षांचा मळ निघतोय! आणखी मूठभर चिंच टाकली आणि घरी गेले.

सकाळी घमेल्यात हात घातला. शिंपले बाहेर काढले, धुतले, पुसले. सगळे पांढरे. भिंतीला चुना फासल्यासारखे मेलेले पांढरे. मी एक उन्हात धरला. डावीकडं कलवला, उजवीकडं कलवला. काही नाही.

त्या दिवशी मी जेवले नाही. गाठोडं बांधून पायरीवर बसून राहिले. दुपारी अण्णा आले, हातात बहिणीनं दिलेला नारळ. माझं तोंड बघून म्हणाले, "कोण गेलं गो?"

मी घमेल्याकडं बोट दाखवलं. "चिंचेत घातले, अण्णा. चकाकतील म्हणून. मी जाते गावाकडं."

अण्णांनी एकेक शिंपला उचलला. सातही बघितले. मग खाली बसले आणि नारळ बाजूला ठेवला.

"आमच्याकडे बायका आमसुलानं घासतात," ते म्हणाले. "तू आमच्यातली असतीस तर आमसुलात घातले असतेस. तेही आंबटच. आंबट चुन्याला खातं. बुडबुडे आले असतील?"

"व्हय."

"तो मळ नव्हता गो. तो शिंपलाच निघून चालला होता."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "आता ऐक. ह्याच्यावर रंगाचा हात असता तर तो धुऊन गेला असता आणि आपण दोघं मेलो असतो. पण रंग नायच हाय ना! वरचे थर खडबडीत झाले, म्हणून उजेड फुटतो, वाटेवर राहत नाय. खाली तेच थर हायत. खालपर्यंत तेच. ते गाठोडं सोड आणि राख चाळायला घे."

तीन दिवस आम्ही दोघं बसलो. आधी ओला पॉलिशपेपर, मग चाळलेली राख, मग खडूची पूड, शेवटी जुन्या धोतराची चिंधी. अण्णा प्रदर्शनाला आतून कडी घालायचे आणि बाहेर पाटी लावायचे, "दुरुस्ती चालू". माझी बोटं सोलली. पहिल्या शिंपल्यावर नखाएवढी हिरवी झाक दिसली तेव्हा अण्णा असे ओरडले, की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकत सुटलं.

सहा परत आले. अगदी पहिल्यासारखे नाहीत, पण आले. सातवा सगळ्यात जुना आणि पातळ. घराण्याच्या थोरल्या शेटजींनी स्वतः आणलेला. त्याच्यापासून प्रदर्शनाची सुरुवात झालेली. तो अण्णांनी स्वतः घासायला घेतला होता. शेवटच्या दिवशी दुपारी तो त्यांच्या बोटांत कटकन मोडला. दोन तुकडे.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. सेक्रेटरींची नजर सरळ रिकाम्या जागेवर गेली.

"शेटजींचा शिंपला कुठाय?"

अण्णांनी रुमालातले दोन तुकडे पुढं केले. मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "मी मोडला साहेब. चिंचेत घातला. म्हटलं चकाकेल."

"चिंचेत?" सेक्रेटरी बघतच राहिले. "अहो, शाळेतल्या पोराला कळतं! जन्मभर लोकांना ह्याच गोष्टी शिकवत आलात आणि तुम्ही चिंचेत घातला?"

"घातला खरा."

"ह्या बाईनं नाही ना?"

"ती काच पुसते. तिला काय कळतंय ह्यातलं?"

एक विश्वस्त हसले. दुसऱ्यानं विचारलं, "लिंबू नाही का पिळलंत वरनं?" सगळेच हसले. अण्णाही हसले. मी नाही हसले, पण बोललेही नाही. माझ्या डोळ्यांपुढं तेव्हा फक्त एक पाय होता, जमिनीला लागू पाहणारा. बोलायला एक शब्द लागला असता. तो मी गिळला.

सेक्रेटरींनी हात पुढं केला. अण्णांनी करगोट्याची किल्ली सोडून त्यांना दिली. मधल्या कपाटाची, मोत्याच्या शिंपल्यांची. सेक्रेटरींनी ती माझ्याकडं दिली. "बाई, तुम्ही ठेवा. ह्यांना उघडून द्यायचं नाही. वय झालंय ह्यांचं."

ती बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. कोन बदला म्हणणारे अण्णा, ज्यांनी सगळ्या रत्नागिरीला शिकवलं, त्यांनीच शिंपल्याचं सार केलं! मासळीबाजारात ते दिसले की टोपल्यांमागून हाका यायच्या, "अण्णा, बांगड्याबरोबर चिंच बांधू काय?" सहलीची पोरं कुजबुजायची, मास्तर तोंड फिरवून हसायचे. अण्णा खलबत्ता घेऊन बसायचे, पण "रंग शोधा" म्हणताना पूर्वीचा जोर नसायचा. अर्ध्यातच थांबायचे.

मला राहवेना. एका दुपारी मी त्यांच्या खोपटात गेले. एक ताट, एक तांब्या, एक पिण्याचं भांडं. सगळं एकेकच. मी म्हटलं, "अण्णा, मी सेक्रेटरीसायबांना खरं सांगून टाकते."

"नको."

"तुमची अब्रू गेली ओ माझ्यापायी."

"मोडला तर माझ्याच हातात. खोटं मी निम्मंच बोललो." त्यांनी ते एकुलतं भांडं पाण्यानं भरून माझ्यापुढं ठेवलं. "सोलापुरे, अब्रू राखायची ती घरातल्या माणसांसाठी. संध्याकाळी कुणीतरी विचारणारं असतं, लोक काय म्हणतात तुम्हाला, म्हणून. मला कोण विचारणारं हाय? माझी गेली तर कुणाच्या ताटात कमी पडणार नाय. तुझी गेली असती तर दोन घरं जेवली नसती. तोलून बघितलं, झालं."

मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं काही मागितलं, आणि मागताना मान खाली घातली.

"एक कर. संध्याकाळी बंद करायच्या आधी ते कपाट उघडत जा. मी हात लावणार नाय. फक्त काच मधे नको. काच मधे असली की उजेडाची वाट मोडते."

मी रोज उघडत गेले. अण्णा समोर उभे राहायचे, हात मागं बांधून, पोरासारखे. पाच मिनिटं. मग "चल, लाव" म्हणायचे. रोज ते मला काहीतरी नवीन सांगायचे, आणि सांगून झालं की आवाज अगदी लहान करून विचारायचे, "उद्या येशील ना गो?" इतके दिवस मला वाटायचं, हाकेची भूक एकट्या मलाच आहे.

नवऱ्याचा पाय बरा झाला. लंगडतात, पण चालतात. गावाकडं पाझर तलावाचं काम निघालं, ते मला न्यायला आले. निघताना मी किल्ली सेक्रेटरींकडं दिली. त्यांनी ती नव्या बाईकडं दिली. खरं सांगायची ती शेवटची संधी होती. एसटी सुटायला अर्धा तास होता, नवरा रस्त्यावर उभा होता, आणि तो एक शब्द मी पुन्हा गिळला. नव्या बाईला मी एवढंच म्हटलं, "संध्याकाळी अण्णांना कपाट उघडून देत जा." ती म्हणाली, "मला तसं कुणी सांगितलेलं नाही."

त्याला आता तीन वर्षं होतील. अण्णा आहेत, असं खाणीवरच्या एका गावकऱ्याकडून कळलं. बाहेर बाकड्यावर बसलेले असतात म्हणे, काचेकडं तोंड करून.

वासूअण्णा, पुढच्या सुगीनंतर मी येणार आहे. आधी सेक्रेटरींच्या घरी जाईन आणि उभ्यानंच सांगेन की चिंच मी कोळली होती. मग ती किल्ली मागून घेऊन तुमच्या हातात देईन. उशीर झालाय, मला ठाऊक आहे. पण मी तुमचं देणं फेडल्याशिवाय राहणार नाही. तोवर तुम्ही बसून राहा.